खिडकी उघडणार असेल तर मिठीकाठी खुशाल बार काढा

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या आर्किटेक्ट ऑफिसला एक काम आलं. कुर्ला-कलिना पट्ट्यात मिठी नदीला अगदी चिकटून एक जुनं गोडाऊन आहे, मालकांना तिथे बार काढायचाय. साधा परमिट रूम नाही हां, रिव्हरसाइड बार, वर टेरेस, तिन्ही बाजूंनी काच, बघितल्या बघितल्या माणसाने मोबाइल बाहेर काढला पाहिजे असा. मी म्हटलं, शेठ, साइट उन्हाळ्यात बघितलीय ना तुम्ही? तर म्हणाले, "अहो म्हणून तर तुमच्याकडे आलो. पाणी दिसलं पाहिजे, वास नाही आला पाहिजे. एवढंच करून द्या."

ते "एवढंच" अजून डोक्यातून जात नाहीये. कारण नीट बघितलं तर मुंबईने तिच्या नद्यांसोबत गेली कित्येक वर्षं हेच केलंय, वास नको म्हणून तोंड फिरवलं. फरक इतकाच की शेठना निदान बघायचं तरी आहे.

मी बारच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो. हे बोललं की आमच्या बिल्डिंगमधले काका लगेच "नदी म्हणजे आई, आणि आईच्या काठावर दारू?" वगैरे सुरू करतात. काका, दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी अशा चार नद्या आहेत आपल्याकडे, यातल्या एकीच्या तरी काठावर तुम्ही शेवटचे कधी उभे राहिलात? काका गेली तीस वर्षं मिठीला नाला म्हणतात. आई वगैरे फक्त बारचा विषय निघाला की होते.

आता मुंबईतल्या बारचं आर्किटेक्चर म्हणजे काय, हे जरा बघा. मुख्यतः खिडकी नसणं. १९४९ चा दारूबंदी कायदा आला, परमिट आलं, आणि परमिट घेऊन पिणारा माणूस रस्त्यावरून दिसू नये अशी जी सवय लागली ती आजही सुटलेली नाही. काळी काच, जाड पडदा, दारात बसलेला माणूस, आत दुपारी तीन वाजताही रात्र. भिंतीला मागून ट्यूब लावलेलं धबधब्याचं चित्र, नाहीतर माशांची टाकी. याच साइटच्या कामासाठी फिरताना कुर्ल्यातल्या अशाच एका बारमध्ये बसलो होतो, समोर भिंतभर कुठल्यातरी परदेशातलं तळं, मागे बर्फाचे डोंगर. हात धुवायला मागे गेलो तर किचनचा मागचा दरवाजा उघडा होता. तिथे एक पोरगा बादलीवर बसून कांदे सोलत होता, त्याच्या मागे कमरेएवढी भिंत, भिंतीतून बाहेर गेलेला चार इंची पाइप, आणि पाइपच्या खाली मिठी. म्हणजे खरी नदी किचनच्या मागे, तिच्यात खरकटं पाणी सोडायचं, आणि गिऱ्हाइकाला बघायला तळ्याचं चित्र. मी तिथे दोन मिनिटं उभा राहिलो, पोरगा म्हणाला "साहेब, बेसिन त्या बाजूला."

मला मुंबईच्या नद्यांचं सगळं दुखणं त्या भिंतीत दिसलं. आपल्या बिल्डिंगा, गोडाऊनं, हॉटेलं, वर्कशॉप, सगळ्यांची पाठ नदीकडे. नदीकडे काय असतं तर मोरी, जनरेटर, संडासाचे पाइप, कचऱ्याचे ड्रम. जिकडे पाठ तिकडे घाण, हे आपल्या घरातही असंच चालतं, नाही का. पाहुण्यांची खुर्ची जिकडे तोंड करून असते तो कोपरा आपोआप साफ राहतो. म्हणून मला बार हवाय, कारण बारवाल्याला पहिल्यांदाच नदी स्वच्छ असण्यात पैसे दिसतील. आरतीने नाही होणार ते, व्यवहाराने होईल.

समुद्राच्या बाबतीत हे आपण कधीच करून बसलोय. ताजमधला हार्बर बार १९३३ पासून आहे, शहरातला पहिला लायसन्सवाला बार म्हणतात त्याला, नावातच बंदर आहे. मरीन ड्राइव्हला हॉटेलांच्या गच्चीवर बसून सूर्यास्त बघायला लोक एका ग्लासाचे जे पैसे देतात त्यात आमच्या साइटवरच्या मिस्त्रीचा दिवसाचा पगार निघेल. पण त्याचा राग कुणाला येतो का? नाही येत. कारण रस्ता ओलांडला की कठडा आहे. तोच सूर्य, तोच समुद्र, फुकट, सोबत हवं तर भाजलेले शेंगदाणे. वरच्याला जे दिसतं ते खालच्यालाही दिसतं, वरचा फक्त खुर्ची आणि बर्फाचे पैसे देतो. मरीन ड्राइव्हची खरी डिझाइन ती आर्ट डेको बिल्डिंगांइतकीच त्या कठड्यात आहे असं माझं मत आहे, २०१८ ला युनेस्कोने बिल्डिंगांना जागतिक वारसा म्हटलं ते बरोबरच, पण कठड्यालाही एक पाटी लावायला हवी होती.

मिठीला कठडा नाही. मिठीला भिंत आहे.

ही भिंत कशी आली ते आपल्याला माहितीये. २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि तोवर जिला अख्खं शहर नाला समजत होतं ती नदी आहे हे शहराला छातीएवढ्या पाण्यात उभं राहून कळलं. विहार आणि पवई तलावांचं जास्तीचं पाणी घेऊन निघते, सुमारे १८ किलोमीटर वाहते, साकीनाका, विमानतळाच्या धावपट्टीच्या खालून, कुर्ला, बीकेसी, धारावी करत माहीमच्या खाडीला मिळते. पुरानंतर मिठीसाठी वेगळं प्राधिकरण आलं, वरचे ११.८४ किलोमीटर महापालिकेकडे, खालचे ६ एमएमआरडीए म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, पात्र रुंद केलं, खोल केलं, आणि दोन्ही बाजूंनी काँक्रीटची संरक्षक भिंत उभी केली. पुराच्या दृष्टीने त्या भिंतीला कारणं आहेत, मी इंजिनिअरांशी वाद घालत नाहीये. पण त्या भिंतीने दुसरं पण एक काम केलं, नदी दिसायची बंद झाली. आणि जे दिसत नाही त्यात काय चाललंय ते कोण बघणार? २०२५ मध्ये याच नदीतला गाळ काढण्याच्या कामात ६५ कोटींच्या कथित घोटाळ्याचा गुन्हा पोलिसांनी दाखल केला. कोर्टात काय व्हायचं ते होईल. पण मला सांगा, ज्या नदीकाठी रोज संध्याकाळी दोनशे लोक बसतात तिथे गाळ काढलाय की नाही हे विचारायला पोलीस लागले असते का? टेबल नंबर सातवरचा माणूस पण सांगेल, की मशीन आलं होतं का आणि किती दिवस होतं.

आता डिझाइनकडे येतो, कारण सगळी मेख तिथे आहे.

आमच्या ऑफिसमधल्या थ्रीडीवाल्या पोराने पहिला व्ह्यू काढला तेव्हा त्यात पाणी निळं होतं. निळं म्हणजे मालदीव निळं. वर दोन बगळे आणि एक होडी. मी म्हटलं अरे हे काय, तर म्हणतो सर, लायब्ररीत नदीचं पाणी असंच येतं. शेठना तो व्ह्यू इतका आवडला की त्यांनी तो मोबाइलचा वॉलपेपर करून टाकला. त्या चित्रात काच होती, खालपासून वरपर्यंत, जाड, डबल, सील केलेली, आत एसी. या काचेलाच माझा विरोध आहे.

एक तर ती काच रात्री चालतच नाही, हे सांगणारं कुणी भेटत नाही. आत दिवा आणि बाहेर अंधार असेल तर काचेचा आरसा होतो, गिऱ्हाइकाला नदी नाही, स्वतःचं तोंड आणि मागच्या टेबलवरचा चखणा दिसतो. विमानतळाच्या कंट्रोल टॉवरची काच वरच्या बाजूला बाहेर झुकलेली असते ती याचसाठी, आतलं प्रतिबिंब डोळ्यात येऊ नये. बारमध्ये तसं करायचं तर आतला उजेड एकदम कमी ठेवायचा, दिवे टेबलाच्या उंचीच्या खाली, मागची रांग दीड फूट वर उचलायची म्हणजे पुढच्याच्या डोक्यावरून दिसतं, आणि रेलिंगचा आडवा पाइप बसलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यासमोर येणार नाही असं बघायचं. खुर्चीत बसलं की डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार-चार फुटांवर येतात आणि रेलिंग पण तेवढंच उंच, त्यामुळे अर्ध्या व्ह्यूवाल्या हॉटेलांत लोक लाखो रुपयांची स्टीलची नळी बघत बसलेले असतात. असो, हे आमच्या धंद्यातलं रडगाणं झालं.

खरा मुद्दा वासाचा. काच सील केली की नदी टीव्ही होते. मग तिचं पाणी काळं असो, त्यावर फेस असो, वरून लाइट मारले की रात्री सगळंच छान चमकतं. बारवाल्याचं नदीशी काही देणंघेणं उरत नाही, उलट त्याला भिंतीपेक्षा स्वस्तात भिंत मिळाली, पारदर्शक. म्हणजे ज्या कारणासाठी मला तिथे बार हवा होता तेच कारण त्या काचेने खाल्लं. म्हणून माझं म्हणणं असं की नदीकाठी बारला परवानगी द्या पण अट घाला, नदीकडची बाजू उघडणारी पाहिजे. पूर्ण उघडणारी. एसीवाला कोपरा मागे ठेवा हवा तर. वास येईल? येऊ दे ना. वास आला की गिऱ्हाईक उठून जाईल, गिऱ्हाईक गेलं की मालक वॉर्ड ऑफिसला जाईल, आणि आपल्या शहरात तुम्ही-आम्ही अर्ज करून जे होत नाही ते बारमालक गेल्यावर कधीकधी होतं, हे कडू आहे पण खोटं नाही. शिवाय त्याचा स्वतःचा चार इंची पाइप त्याच नदीत सुटत असेल तर तोही त्याच्याच नाकाखाली येईल.

शेठ म्हणाले, "आणि मच्छर?" बरोबर आहे, त्याला जाळी आणि पंखे. कोकणातल्या पडवीत बसून आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले, वर खोल छप्पर, समोर उघडं, पाऊस तिरका आला की झडप पाडायची. मुंबईचा पाऊस नैऋत्येकडून येतो, संध्याकाळचं ऊन पश्चिमेकडून मारतं, त्या बाजूला काचेची भिंत उभी करणं म्हणजे भट्टी करून वर एसीचं बिल भरणं. व्हिएतनाममध्ये व्हो ट्राँग न्गिया या आर्किटेक्टने तळ्यावर बांबूचा एक बार बांधलाय, दहा मीटर उंच घुमट, वर मधोमध भोक, पाण्यावरून येणारा वारा आत घेतो आणि गरम हवा वरून सोडतो, एसीशिवाय. आकार इतका सुंदर की जगभर फोटो फिरले, पण तो आकार वाऱ्यासाठी आलाय, फोटोसाठी नाही. आपल्याकडे तस्साच बांबू करा असं मी म्हणणार नाही, २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिलमध्ये गच्चीवरच्या जागेचं छप्पर कसं पेटलं आणि १४ माणसं कशी गेली ते या धंद्यातल्या कुणी विसरू नये. त्यातली बरीचशी धुराने गुदमरून गेली. सील केलेल्या काचेच्या पेटीत चारशे माणसं बसवायचा प्लॅन कुणी दाखवला की मला पहिली ती रात्र आठवते. उघडणारी बाजू धुरालाही वाट देते.

दुसरी अट कठड्याची. ऑस्ट्रियात ग्राझ म्हणून गाव आहे, तिथल्या मूर नदीच्या मधोमध २००३ मध्ये विटो अकाँची नावाच्या न्यूयॉर्कच्या कलाकाराने पोलादाचं एक तरंगतं बेट केलं, उघडलेल्या शिंपल्यासारखं. त्यात कॅफे-बार आहे, पायऱ्यांचं छोटं प्रेक्षागृह आहे, पोरांना खेळायची जागा आहे. पण त्यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे ते बेट दोन्ही काठांना पुलांनी जोडलंय, त्यामुळे नदी ओलांडणारा कुणीही त्याच्या आतून जातो. दूध घेऊन चाललेला माणूस पण त्या सगळ्या आर्किटेक्चरमधून जातो, बियर घेतली नाही तरी. आर्किटेक्चर वेगळं आहे, देखणं आहे, आणि त्याला गेट नाही. आपल्याकडे असं काही झालं असतं तर पहिल्या दिवशी दोन बाउन्सर उभे राहिले असते, "कपल आहे का?"

महाराष्ट्रात हार्ड लिकरला वय २५ लागतं, बियरला २१. नदी बघायला किती लागतं? बार हाच जर नदीपर्यंत जायचा एकमेव रस्ता झाला तर शाळेतली पोरं, आज्या, न पिणारे, आणि ज्यांच्या खिशात तेवढे पैसे नाहीत ते सगळे बाहेर. म्हणून पाणी आणि बार यांच्या मध्ये सार्वजनिक वाट हवी, दिवसरात्र उघडी, आणि बारच्या गच्चीवर जायला बाहेरून जिना हवा ज्याला कुणी अडवणार नाही. वर जाऊन बघा आणि खाली या, काही घ्यायची जबरदस्ती नाही. शेठ म्हणाले, मग माझ्याकडे कोण येईल? मी म्हटलं मरीन ड्राइव्हच्या गच्च्या रिकाम्या पडल्यात का?

आणि तळमजला. या जागेवर तळमजल्यावर काही मांडणं म्हणजे २६ जुलैचा अपमान आहे. नदीकाठी कसं बांधायचं ते आपल्याला शिकायला परदेशात जायची गरज नाही, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याखालचा घाट बघून या. कृष्णा चढली की पायऱ्या पाण्याखाली, उतरली की पुन्हा वर, घासूनपुसून, कुणाचं काही बिघडत नाही. घाट पाण्याला अडवत नाही, जागा देतो. आमच्या सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या नकाशात, मी तेच काढलं होतं, खाली पायऱ्या आणि नुसते खांब, किचन, वायरिंगचं पॅनल, दारूचा स्टॉक सगळं वर, पूररेषेच्या वर. पावसाळ्यातले चार दिवस बार बंद. ड्राय डेला बंद ठेवतोच ना, मग नदीच्या वेट डेलाही ठेवायचा. तरंगता बार ही आयडिया पण कुणीतरी मीटिंगमध्ये काढली होती, मी फक्त आठवण करून दिली की २०१८ च्या मेमध्ये वांद्र्याजवळ एक तरंगतं रेस्टॉरंट बुडालं होतं, नशिबाने माणसं वाचली.

आता याच्या विरोधातला सगळ्यात मजबूत मुद्दा, आणि तो काकांच्या आईवाल्या मुद्द्यापेक्षा फार वेगळा आहे. कलिन्यातला माझा एक मित्र म्हणाला, नदीकाठ सुंदर झाला की पहिली उचलबांगडी कुणाची होते ते बघ. आधी नदी रुंद करायची म्हणून झोपड्या आणि वर्कशॉप हलवले, उद्या व्ह्यूच्या आड येतात म्हणून हलवतील. मिठीकाठच्या क्रांतीनगर वस्तीतले लोक दर मोठ्या पावसात जीव मुठीत धरून बसतात आणि तू तिकडे कॉकटेलचा प्लॅन काढ. मला याला फार ताठ मानेने उत्तर देता आलं नाही. सिंगापूरचं उदाहरण लोक देतात, १९७७ ते १९८७ दहा वर्षं नदी साफ केली आणि मग 'क्लार्क की', 'बोट की' या तिथल्या जुन्या धक्क्यांवर बार आले, क्रम बरोबर, पण त्या सफाईत हजारो माणसांना, फेरीवाल्यांना काठावरून उठवलं हे पण त्याच गोष्टीत आहे. साबरमतीचं तेच, साडेअकरा किलोमीटरचा चकाचक काठ, पाणी नर्मदेचं आणलेलं, आणि तेही दारूबंदीच्या राज्यात, त्यामुळे बारचा प्रश्नच नाही, पण काठावरची वस्ती गेलीच. म्हणजे वस्ती हलते ती बारमुळे नाही, काठ विकाऊ झाला की हलते. म्हणून माझी तिसरी अट अशी की एकही राहतं घर हलवून बार नको आणि एकही तिवर तोडून नको. भरतीचं पाणी येतं तिथवर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, आहेच, २०१९ च्या नियमात खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी ते, तिवरांना हायकोर्टाचं संरक्षण आहे, तेवढं जरी पाळलं तरी पुष्कळ प्लॅन टेबलावरच मरतील. मरू देत. जिथे आधीच अधिकृत बांधकाम उभं आहे आणि त्याची पाठ नदीकडे आहे, फक्त तिथेच ती पाठ फिरवायची. मित्र यावर "बघू" म्हणाला, पटलं असं नाही म्हणाला.

"आधी नदी साफ करा, मग बारचं बोला" हेही बरेच जण म्हणतात. ऐकायला बरोबर वाटतं. पण २००५ पासून आपण "आधी" मध्येच अडकलोय, "मग" येतच नाहीये. आणि उलटं झालेलं याच नदीच्या काठावर आहे, धारावीचं निसर्ग उद्यान. ती जागा कचऱ्याचा डेपो होती. ३७ एकर. तिथे लोकांनी झाडं लावली, पोरांना आणलं, पक्षी आले. नदी साफ व्हायची वाट बघत बसले असते तर आज तिथे कचऱ्याचा डोंगरच असता.

जूनमध्ये मी एकदा एकटाच साइटवर गेलो होतो, मोठ्या भरतीच्या दिवशी मुद्दाम. दुपारी पाणी वर चढलं, सगळा गाळ झाकला गेला आणि खरं सांगतो, तास-दीड तास वास नव्हता. म्हणजे होता, पण बंदरावर येतो तेवढाच. एक वंचक, म्हणजे तो छोटा मातकट बगळा, थर्माकोलच्या तुकड्यावर एका पायावर उभा राहून चालला होता, आरामात, जणू तिकीट काढलंय. पलीकडच्या काठाला एका माणसाने स्कूटर भिंतीला टेकवून लावली, सीटवर चढला, भिंतीवर दोन्ही कोपरं ठेवली आणि सिगरेट ओढत नदी बघत राहिला. पाच-सात मिनिटं. मग उतरला आणि गेला.

शेठना सुधारलेला प्लॅन पाठवला त्यात काच काढून टाकलीय, आणि पाणी पण त्या पोराकडून खऱ्या रंगाचं करून घेतलंय. त्यांचा मेसेज आला, "रंग थोडा डल वाटतोय." मी म्हटलं पुढची मीटिंग साइटवरच ठेवू, एक भरतीच्या वेळेला आणि एक ओहोटीच्या, दोन्ही बघू आणि मग ठरवू. भरती-ओहोटीच्या तक्त्याचा फोटो पण पाठवला. दोन ब्लू टिक आल्यात, तारीख अजून कळवलेली नाही.